एका घराच्या मागोमाग: हाइड्सव्हिल ते लिली डेल, चार दिवस

न्यूयॉर्क राज्य म्हटलं की आपल्याकडे मॅनहॅटन डोळ्यांसमोर येतं. हा प्रवास त्याच राज्याच्या दुसऱ्या टोकाचा आहे. मक्याची शेतं, द्राक्षमळे, जुना कालवा आणि मेलेल्यांशी बोलणाऱ्यांचं एक गाव. आत्म्यांशी संवाद हाच धर्म मानणाऱ्या स्पिरिच्युअ‍ॅलिझम पंथाचा उगम ज्या घरात झाला, ते घर १९१६ साली मूळ जागेवरून उचलून साधारण अडीचशे किलोमीटरवरच्या लिली डेलला नेलं गेलं. आमची वाटही तीच: घराचा पाया जिथे राहिला तिथून सुरुवात आणि घर जिथे गेलं तिथे शेवट. महिना जुलैचा, कारण लिली डेल खऱ्या अर्थाने जागं असतं ते जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंतच.

पहिला दिवस: हाइड्सव्हिल

हाइड्सव्हिल नावाचं गाव आता जवळपास उरलेलंच नाही. नकाशावर न्यूअर्क शोधायचं, पण न्यू जर्सीतलं नव्हे, न्यूयॉर्क राज्याच्या वेन काउंटीतलं. रॉचेस्टरपासून पूर्वेला पन्नासेक किलोमीटर. गावातून ईरी कालवा जातो आणि गावाबाहेर हाइड्सव्हिल रोडवर एक छोटं स्मारक उद्यान लागतं. तिथे एका साध्या इमारतीच्या आत दगडी पाया जपून ठेवलाय. आत जायचं असेल तर आधी विचारून वेळ ठरवावी. नुसतं जाऊन उभं राहिलात तर काचेतून डोकावण्यावर समाधान मानावं लागतं, आणि दुपारच्या उन्हात काचेत स्वतःचाच चेहरा जास्त दिसतो. त्यामुळे सकाळी लवकर जावं.

डिसेंबर १८४७ मध्ये जॉन फॉक्स नावाचा लोहार बायको आणि धाकट्या दोन मुलींना घेऊन इथे भाड्याने राहायला आला. मॅगी साधारण चौदा वर्षांची, केट अकराची. मार्च उजाडला तसे रात्री टकटक आवाज येऊ लागले. ३१ मार्च १८४८ च्या रात्री केटने अंधारात टिचक्या वाजवल्या आणि म्हणाली, ‘मिस्टर स्प्लिटफूट, मी करते तसं कर’. स्प्लिटफूट म्हणजे दुभंगलेल्या खुराचा, अर्थात सैतान. टिचक्या जितक्या, टकटक तितकीच आली. मग आईने मुलांची वयं विचारली. लहानपणीच गेलेल्या मुलासकट सगळी वयं बरोबर वाजली. शेजारी गोळा झाले. प्रश्नोत्तरांतून कथा निघाली ती अशी: आपण एकतीस वर्षांचा फेरीवाला, या घरात आपला खून झाला आणि प्रेत तळघरात पुरलं आहे.

लगेच खणायला सुरुवात झाली, पण एप्रिल म्हणजे बर्फ वितळण्याचा महिना. खड्ड्यात पाणी भरलं आणि काम थांबलं. उन्हाळ्यात पुन्हा खणलं तेव्हा थोडे केस आणि हाडांचे तुकडे मिळाल्याचं सांगितलं गेलं. १९०४ साली तळघराची एक भिंत ढासळली, तिच्यामागे हाडं सापडली आणि वर्तमानपत्रांनी फेरीवाला मिळाल्याचं जाहीर करून टाकलं. काचेतून पाहताना नजर तिथेच ठेवा, कारण एकामागे एक अशा दोन भिंती स्पष्ट दिसतात. श्रद्धावान म्हणतात, आतली भिंत प्रेत लपवायला बांधली. शंकेखोर म्हणतात, घर वाढवलं तेव्हा नवा पाया जुन्याच्या बाहेरून घातला, म्हणून दोन भिंती. बांधकामाच्या नजरेने पाहिलं तर दुसरं म्हणणं जास्त पटतं. एका प्रेतासाठी एवढी लांब भिंत कोण बांधेल?

आपल्याकडच्या भूतकथांची सवय असलेल्याला इथे एक गोष्ट विचित्र वाटते. मुंजा पिंपळावर असतो, हडळ विहिरीपाशी असते, आणि त्यांच्याशी बोलायला कुणी जात नाही, टाळायलाच बघतात. इथे मात्र भुताची उलटतपासणी घेतली गेली. वय किती, मुलं किती, खून कधी झाला? भुताने साक्ष दिली आणि त्यातून धर्म उभा राहिला.

हे नेमकं इथेच का, याचं उत्तर आजूबाजूच्या पाट्यांवर आहे. पश्चिमेला दहा-बारा किलोमीटरवर पालमायरा, जिथे १८३० साली मॉर्मन पंथाचा ग्रंथ छापला गेला. आग्नेयेला तासाभराच्या आत सेनेका फॉल्स, जिथे त्याच १८४८ च्या जुलैमध्ये स्त्रियांच्या हक्कांची पहिली परिषद भरली. १८२५ साली कालवा खुला झाला आणि त्यावरून माल आला, माणसं आली, प्रवचनकारही आले. नव्या पंथांच्या वणव्यांनी होरपळलेला म्हणून या पट्ट्याला ‘जळालेला मुलूख’ असंच नाव पडलं. हातात दिवस असेल तर पालमायरा आणि सेनेका फॉल्स दोन्ही होतात.

दुसरा दिवस: रॉचेस्टर आणि बफेलो

फॉक्स बहिणींना रॉचेस्टरला आणलं थोरल्या बहिणीने. ही लीआ, संगीताची शिकवणी घेणारी. आजच्या भाषेत मॅनेजर म्हणावी अशी. १४ नोव्हेंबर १८४९ ला कोरिंथियन हॉलमध्ये पंचवीस सेंट तिकीट लावून टकटकीचा जाहीर प्रयोग झाला आणि चारेकशे लोक आले. प्रेक्षकांतून लागोपाठ तीन तपास समित्या नेमल्या गेल्या, तिन्हींना युक्ती सापडली नाही. तो हॉल आज नाही. स्मारक हवं तर प्लिमथ अव्हेन्यूजवळचा दगडी स्तंभ पाहावा. १९२७ मध्ये पंथीयांनी तो उभारला. मृत्यू नाही आणि मृतही नाहीत, अशा अर्थाचं वाक्य त्यावर कोरलंय. दहा मिनिटांचं काम.

माउंट होप दफनभूमीत मात्र दोन तास ठेवा. एमी आणि आयझॅक पोस्ट हे क्वेकर, म्हणजे एका शांततावादी ख्रिस्ती पंथाचं, जोडपं तिथे चिरनिद्रा घेतंय. गुलामगिरीविरुद्ध लढणारी ही माणसं फॉक्स बहिणींची पहिली पाठीराखी. टकटकीला भाषा दिली ती आयझॅकने. ए, बी, सी म्हणत जायचं आणि टकटक होईल ते अक्षर लिहून घ्यायचं. वाटी सरकवत अक्षरं जुळवण्याचं जे प्लँचेट आपल्याकडे घराघरांत चालायचं, त्याचा हा आजोबाच. सव्वीस अक्षरांत त्यांचं भागलं. बाराखडी म्हणायची असती तर भुतानेच हात टेकले असते. स्त्री-मताधिकारासाठी लढलेली सुझन बी. अँथनी आणि गुलामगिरीतून निसटून तिच्याविरुद्ध लढलेला फ्रेडरिक डग्लस यांच्या समाधीही इथेच आहेत, फक्त एकमेकींपासून लांब. टेकड्यांवर वळणावळणाचे रस्ते आहेत, तेव्हा फाटकावर नकाशा घेतल्याशिवाय आत जाऊ नका.

रॉचेस्टर ते बफेलो सव्वा तास, आय-९० महामार्गाने. या महामार्गावर टोलनाके उरले नाहीत. कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि बिल नंतर येतं. भाड्याची गाडी असेल तर कंपनी टोलवर स्वतःचा आकार लावते, म्हणून गाडी घेतानाच ते विचारून ठेवावं.

बफेलोत दुपारचं जेवण. इथली खासियत ‘बीफ ऑन वेक’: वर जाड मीठ आणि शहाजिऱ्यासारखे कॅरावे दाणे लावलेला पाव, आत गोमांसाचे पातळ काप आणि नाकात झिणझिण्या आणणारं हॉर्सरॅडिश. शाकाहारी माणसाने नुसता पाव मागून सूपबरोबर खावा, तोही चांगला लागतो. शुक्रवार असेल तर जिकडेतिकडे तळलेला हॅडॉक मासा. तुकडा ताटाबाहेर लोंबतो, एक ताट दोघांना पुरतं.

टकटकीचं पहिलं पटणारं स्पष्टीकरण याच शहरातलं. १८५१ मध्ये बफेलोच्या तीन डॉक्टरांनी बहिणींना पाय लांब करून, टाचा उशांवर ठेवून बसवलं. आवाज बंद. पाय जमिनीवर येऊ दिले की आवाज सुरू. मग गुडघे हातांनी घट्ट धरले, पुन्हा शांतता. त्यांचा निष्कर्ष होता की सांधा किंचित निसटवून परत बसवताना कडकन वाजतो. सांधा त्यांनी गुडघ्याचा धरला. २१ ऑक्टोबर १८८८ ला न्यूयॉर्कच्या रंगमंचावर मॅगीने स्वतः कबुली दिली, तेव्हा तिने पायाचा अंगठा वाजवून दाखवला. सुरुवातीला आईला घाबरवायला दोरीला सफरचंद बांधून जमिनीवर आपटायचो, असंही तिने सांगितलं. इथे महत्त्व फळीचं. अंगठा लाकडी जमिनीला किंवा टेबलाच्या पायाला टेकला की आवाज लाकडातून पसरतो आणि नेमका कुठून आला हे कानाला कळत नाही. उशीवर, गालिच्यावर ती युक्ती मरते. वर्षभराने मॅगीने कबुली मागे घेतली. १८९२ मध्ये केट गेली, १८९३ मध्ये मॅगी. दोघींची अखेर दारू आणि दारिद्र्यात झाली.

बफेलोहून संध्याकाळी निघालो, नव्वदेक किलोमीटर. उजवीकडे ईरी सरोवर, दोन्ही बाजूंना काँकर्ड जातीच्या काळ्या द्राक्षांचे मळे. एक्झिट ५९ ला उतरून साठ नंबरच्या रस्त्याने दक्षिणेला वळायचं. वाटेत फ्रेडोनिया लागतं. अमेरिकेतली नैसर्गिक वायूची पहिली विहीर १८२१ मध्ये इथे खणली गेली. किराणा, औषधं, रात्रीचं जेवण हे सगळं फ्रेडोनियातच उरकावं, पुढे फारसं काही मिळत नाही.

तिसरा दिवस: लिली डेल

फाटकावर दिवसाचा पास घ्यायचा. सोबत कार्यक्रमपत्रिका मिळते, ती नीट वाचावी. झाडाखालच्या सभा, व्याख्यानं आणि हात ठेवून बरं करण्याचं मंदिर, यांपैकी बरंचसं पासातच येतं. खाजगी बैठकीचे पैसे वेगळे. प्रत्येक मीडियम, म्हणजे आत्म्यांचे निरोप सांगणारा माणूस, आपला दर स्वतः ठरवतो, म्हणून दर, वेळ आणि रेकॉर्डिंग चालेल का, हे तिन्ही दार वाजवण्याआधी विचारावं. हंगामात शनिवार-रविवारच्या बैठका आठवडे आधी भरतात. आयत्या वेळी जागा हवी असेल तर मंगळवार-बुधवार गाठा.

गाव अगदी लहान. कॅसाडागा तलावाच्या काठी दीडेकशे लाकडी घरं, प्रत्येकाला ओसरी, ओसरीवर डोलखुर्ची आणि बऱ्याच दारांवर ‘नोंदणीकृत मीडियम’ अशी पाटी. रंग मजेदार, बऱ्याच ठिकाणी पोपडे आलेले. पोपड्यांमागेही कारण आहे. जमीन सगळी असेम्ब्लीची, म्हणजे गाव चालवणाऱ्या पंथाच्या संस्थेची, घरमालकाला ती फक्त भाडेपट्ट्याने मिळते. शिवाय घर विकत घ्यायचं तर पंथाचं सभासद असावं लागतं. अशा घरावर बँक कर्ज देताना हात आखडते. पाटी लावणंही सोपं नाही. संचालकांसमोर खाजगी बैठका आणि सभेत जाहीर निरोप, अशी परीक्षा द्यावी लागते.

इतिहास थोडक्यात. १८७० च्या दशकात एका शेतकऱ्याच्या राईत उन्हाळी मेळे भरत. १८७९ मध्ये पंथीयांनी वीस एकर जमीन घेऊन संस्था काढली, आणि १९०६ पासून ‘लिली डेल असेम्ब्ली’ हे नाव आहे. १८९० च्या दशकात सुझन अँथनी इथे स्त्री-मताधिकारावर बोलायला येत असे. चर्चमध्ये बाईला बोलू देत नसत त्या काळात, आत्मा आपल्या तोंडून बोलतो म्हणणाऱ्या बाईला व्यासपीठ मिळे. या पंथाने दिलेली ही सगळ्यांत खरी गोष्ट असावी. आणि एक योगायोग: याच १८७९ च्या फेब्रुवारीत थिऑसॉफी या गूढवादी चळवळीचे संस्थापक कर्नल ऑल्कॉट आणि मादाम ब्लाव्हाट्स्की मुंबई बंदरात उतरले. पाच वर्षांपूर्वी त्यांची पहिली भेट झाली ती व्हर्माँटमधल्या एका शेतघरात, आत्मे बोलावण्याच्या बैठकांच्या निमित्ताने. तिथून थिऑसॉफी, आणि तिच्यामार्फत परलोकविद्येची चर्चा आपल्या सुशिक्षित दिवाणखान्यांत.

दुपारी एक वाजता ‘इन्स्पिरेशन स्टंप’. गावामागच्या लिओलिन राईतून दहा मिनिटांची पायवाट. ही राई कधी तोडलेली नाही. हेमलॉक आणि बीचचे बुंधे दोघांच्या कवेत मावणार नाहीत असे, आणि बाहेर तीस अंश असलं तरी आत गारवा. शेवटी बाकांच्या रांगा आणि समोर लोखंडी कठड्यात एक झाडाचा बुंधा. पूर्वी मीडियम त्यावर उभे राहात. कुजू नये म्हणून तो सिमेंटने लिंपला आहे, त्यामुळे पहिल्या नजरेला विहिरीचा बंद केलेला कठडाच वाटतो. डासांचं औषध चोपडूनच जा आणि फोन पूर्ण बंद ठेवा.

सभा अशी चालते. एकेक मीडियम पुढे येतो आणि बोट करून विचारतो, ‘निळा शर्ट, मी तुमच्याकडे येऊ का?’ मान हलवून चालत नाही, तोंडाने ‘हो’ म्हणावं लागतं, कारण त्यांना आवाजाची कंपनं हवी असतात. मग दीड-दोन मिनिटांचा निरोप: आईच्या बाजूचे एक वडीलधारे, छातीचा त्रास, काहीतरी वाहन दिसतंय, ते म्हणतायत काळजी करू नकोस. दोन-तीन निरोप दिले की पुढचा मीडियम. आपल्याकडच्या अंगात येण्याशी याचं काही नातं नाही. केस सुटत नाहीत, घुमणं नाही, डोळे उघडे. बँकेच्या काउंटरवर बोलावं तशा आवाजात सगळं चालतं.

कान देऊन ऐकलं की वीण दिसते. छातीचा त्रास म्हटला की हृदय आणि फुप्फुसं दोन्ही त्यात आली, आणि वडीलधाऱ्यांचे बहुतेक मृत्यू तिथे बसतात. नाव जवळपास नेहमी अक्षराने येतं, जे किंवा एम. आपल्या माणसाला जनार्दनकाका, जयामावशी, मालतीआजी, मधुकर लगेच आठवतात आणि उरलेलं काम तोच करतो. म्हणून उत्तर ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘माहीत नाही’ एवढंच द्यावं. खुलासा करायचा नाही. मीडियम मंडळी स्वतःही हेच सांगतात, ‘मला माहिती देऊ नका.’ घरी येऊन निरोप लिहून काढा आणि शेजारच्या बाकावरच्या माणसाला त्यातलं किती लागू पडलं असतं ते मोजा.

तरीही टर उडवायची इच्छा होत नाही. मागच्या बाकावर एक वयस्क बाई पतीचा स्वेटर मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तीन सभांमध्ये त्यांच्याकडे कुणी आलं नाही. चौथ्याला त्या पुन्हा तिथेच होत्या.

साडेपाचच्या सभेआधी ईरी सरोवरावरून ढग चढले आणि पाच मिनिटांत धो धो. इथल्या उन्हाळ्यात हे नेहमीचंच. पाऊस आला की राईतली सभा १८८३ च्या लाकडी सभागृहात हलवतात. पत्र्यावरच्या आवाजात निरोप ऐकू येईनात. एका मीडियमने वर पाहून म्हटलं, ‘आज त्यांनाही ओरडावं लागणार’, आणि सभागृह हसलं.

मुक्कामाला मेपलवुड हॉटेल, १८८० चं. सांगतात की मूळचा हा घोड्यांचा तबेला, पुढे वर उचलून खाली मजले घातले. वातानुकूलन नाही, टीव्ही नाही, लिफ्ट नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी खालची खोली मागावी. भुतं पाहायला आलेल्यांची इथे निराशा होते. गावकरी ‘भूत’ शब्दच टाळतात. त्यांच्या लेखी असतो तो आत्मा, आणि तो पछाडत नाही, भेटायला येतो. मागच्या खोलीत कुणी चाललं तर ‘असेल कुणी’ म्हणून ओसरीवरच्या गप्पा पुढे चालू. हॉटेलच्या बैठकीतली एक पाटी मात्र वाचण्यासारखी आहे: कृपया इथे बैठका, उपचार किंवा आत्मे बोलावणं करू नये.

चौथा दिवस: पाट्या, कर्णे आणि पेटी

संग्रहालय एका जुन्या एकखोली शाळेत आहे. शेवटच्या दिवसासाठी ठेवावं, आधी पाहिलं तर बाकीचं नीट पाहवत नाही. इथे लाकडी चौकटीच्या शाळेच्या पाट्या आहेत, ज्यांवर आत्मे लिहीत. दोन पाट्या एकमेकींवर ठेवायच्या, मधे पाटीच्या पेन्सिलीचा कण टाकायचा, बांधायच्या, आणि उघडल्यावर आत मजकूर. युक्ती अनेक तऱ्हांची. मजकूर आधीच लिहिलेल्या बाजूवर पाटीच्याच रंगाचा पातळ पत्रा बसवायचा आणि योग्य क्षणी तो टेबलावरच्या कापडावर गळू द्यायचा. नाहीतर बोटाला पेन्सिलीचा तुकडा चिकटवून टेबलाखाली लिहायचं. नाहीतर सरळ मांडीवर पाटीच बदलायची. १९०७ मध्ये हियरवर्ड कॅरिंग्टन नावाचा संशोधक इथे दोन आठवडे राहिला आणि पाटीलेखनासाठी नावाजलेल्या पिएर कीलरची बदलाबदली त्याने अहवालात लिहून टाकली.

पाट्यांजवळच पत्र्याचे कर्णे. लांबट नरसाळ्यासारखे, एकात एक सरकणाऱ्या भागांचे. अंधारात ते तरंगत आणि त्यांतून आवाज येई. काहींच्या रुंद तोंडाला चकाकणारी पट्टी असे. पट्टी दिसते, बाकी कर्णा आणि तो धरणारा हात दिसत नाही.

आत्म्यांनी काढलेली चित्रं सगळ्यांत देखणी. कॅम्बेल ब्रदर्स या नावाने काम करणाऱ्या दोघांचं, जे भाऊ नव्हतेच, १८९८ चं ‘अझूर’ हे मोठं चित्र आवर्जून पाहावं. चाळीस बाय साठ इंच. शिकागोच्या बँग्ज भगिनींची रीत वेगळी. दोन कोरे कॅनव्हास तोंडाला तोंड लावून खिडकीच्या उजेडात उभे करायचे, आणि हळूहळू चेहरा उमटायचा. डेव्हिड अ‍ॅबट या जादूगाराने उलगडा सुचवला: तयार चित्र गुपचूप मधे सरकवलं जातं. ते पुढच्या कॅनव्हासपासून लांब असताना उजेडात धूसर डाग दिसतो, जवळ आणत गेलं की रेषा स्पष्ट होतात. घरी ट्रेसिंग पेपर आणि फोटो खिडकीशी धरून करून पाहा, दोन मिनिटांत पटतं.

गंमत अशी की हे सगळं श्रद्धावानांच्याच संग्रहालयात मांडलंय, लपवलेलं नाही. दाखवणाऱ्या काकू कीलरचं नाव काढल्यावर शांतपणे म्हणाल्या, ‘हो, तो लबाडच होता. इतर काही नव्हते.’

जाता जाता कायद्याचं. न्यूयॉर्क राज्यात पैसे घेऊन भविष्य सांगणं किंवा करणी-बाधा उतरवण्याचा दावा करणं हा गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद. निव्वळ करमणुकीचा प्रयोग असेल तर सूट. गावाबाहेर कुणी शाप काढायचे म्हणून वरचे पैसे मागितले तर तिथूनच उठावं.

शेवटी घर. बेंजामिन बार्टलेट या पेनसिल्व्हेनियाच्या गृहस्थाने ते विकत घेतलं आणि १९१६ मध्ये लिली डेलला आणून उभं केलं. पुढची कित्येक वर्षं त्यात राहणारी माध्यमबाई पाहुण्यांना टकटक ऐकवत असे. १९५५ मध्ये ते जळालं. जागेवर आता छोटी बाग आहे, फुलं आणि एक शिळा. पाहायला पाच मिनिटं लागतात. हाइड्सव्हिलला पाया आहे, घर नाही. इथे पायाही नाही.

आगीतून वाचली ती एक पत्र्याची पेटी, फेरीवाल्याची म्हणून सांगितली जाणारी. ती संग्रहालयातच आहे. आपल्याकडे माळ्यावर असते तशी, कडी लावलेली, एका खांद्याला पेलेल एवढी. संग्रहालयाची वेळ फाटकावरच विचारून घ्या.